दुसरीच्या वर्गातला बाजार: पाटीवर बावीस, गल्ल्यात अठरा

प्रकरण एकाच वर्गाचं आहे, पण अडचण बहुतेक सगळ्या दुसरीच्या वर्गांची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पुरंदर तालुक्यातली दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे एकत्र, तिसरी-चौथी सरांकडे. दुसरीत चौदा मुलं, निम्म्यांच्या घरी थोडीफार शेती, बाकीच्यांचे आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात, दोघांचे वडील टेम्पो चालवतात. डिसेंबर संपत आला तेव्हा दोन अंकी वजाबाकी शिकवून झालेली, दशक सुटा करून करायची ती सुद्धा, पुस्तकातली पानं भरलेली होती, आणि तरी पाटीवर ५० वजा ३२ दिलं की वर्गातून सरसकट उत्तर यायचं बावीस.

बावीस का येतं हे दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. एककाच्या घरात शून्यातून दोन जात नाहीत, मग पोरं उलटं करतात, दोनातून शून्य, राहिले दोन. पाचातून तीन गेले दोन. झालं बावीस. मुलांच्या दृष्टीने नियम पक्का आहे, मोठ्यातून लहान काढायचा, वर कोण खाली कोण ते बघायचंच नाही. जगभर मुलं ही चूक करतात, अगदी ह्याच पद्धतीने करतात, म्हणजे हा निष्काळजीपणा नाही, त्यांनी स्वतः बसवलेला नियम आहे. आणि असा नियम नुसतं "चुकलं, परत कर" म्हणून जात नाही.

वर्गात एक मुलगी आहे जिची आजी आठवडी बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. सुट्टी असली की पोरगी आजीजवळ असते. मी स्वतः तिला पन्नासच्या नोटेतून पैसे परत देताना बघितलंय, बत्तीसची भाजी झाली की ती "तेहतीस, चौतीस, पस्तीस" म्हणत तीन रुपये ठेवते, मग पाचचं नाणं "चाळीस", मग दहाची नोट "पन्नास", आणि गिऱ्हाईक जातं. एकदाही चुकली नाही. तीच मुलगी पाटीवर बावीस लिहिते. आणि उलटपक्षी एक मुलगा आहे, पाढे खडाखडा, पाटीवरच्या वजाबाक्या बऱ्याच बरोबर, त्याला किराणा दुकानात पाठवलं तर उरलेले पैसे किती यायला पाहिजेत हे सांगता येत नाही, दुकानदार देईल ते मुठीत धरून येतो.

ह्यावर अभ्यास झालेले आहेत. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. धंद्यावर असताना विचारलेल्या हिशोबात मुलं जवळजवळ ९८ टक्के बरोबर, तीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तर ७४ टक्क्यांच्या आसपास, आणि नुसते आकडे मांडून दिले तर ३७ टक्के. त्यातलं दहा नारळांचं उदाहरण मला फार आवडतं, एक नारळ ३५ ला, मुलगा म्हणतो तीन नारळ १०५, अजून तीन २१०, अजून तीन ३१५, आणि एक, ३५०. पस्तीसवर शून्य द्यायचं असतं हे त्याच्या कामाचंच नाही. आपल्याकडे अभिजित बॅनर्जी, एस्तर डुफ्लो ह्या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर असंच काम केलं, ते २०२५ मध्ये नेचर ह्या विज्ञान साप्ताहिकात आलं. त्यांना दोन्ही बाजू दिसल्या, बाजारातली मुलं पुस्तकी गणितात अडतात, आणि शाळेतली पुस्तकी गणितं करणारी मुलं बाजारातल्या साध्या हिशोबात अडतात. माझ्या चौदा मुलांच्या वर्गात ही दोन्ही प्रकारची मुलं शेजारी शेजारी बसलेली होती.

तर आम्ही ठरवलं की जानेवारीत वर्गात बाजार भरवायचा. आता बाजार म्हटलं की आपल्या शाळांना आनंद बाजार आठवतो. एक दिवस, पोरं घरून भाजी, वडापाव, भेळ घेऊन येतात, पालक येऊन घेतात, सरपंच येतात, फोटो ग्रुपवर जातात. मुलांना मजा येते आणि ती यायलाच पाहिजे, त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण त्या दिवशी गर्दीत हिशोब करतं कोण? मागे उभी असलेली आई करते. मुलाच्या हातात पैसे येतात आणि मुलाच्या हातून जातात, मधलं डोक्यातलं काम दुसरंच कुणीतरी करतं. म्हणून आमचा बाजार एक दिवसाचा नव्हता, महिनाभर रोज मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास वर्गातच चालायचा, आणि पालकांना बोलवायचं ते अगदी शेवटी, तेही गिऱ्हाईक म्हणून.

सुरुवात विक्रीने केलीच नाही. पहिल्या आठवड्यात मुलांना एकच काम दिलं, बाजारात कोणती वस्तू कशी विकतात ते बघून या, विचारून या. फळ्यावर यादी वाढत गेली. गाजर, कांदा, वांगी वजनावर. केळी डझनावर. मेथी, कोथिंबीर, हरभऱ्याची भाजी जुडीवर. बोरं, मिरच्या, लिंबं वाट्यावर, म्हणजे समोर ढीग लावलेला, दहाला एक वाटा. अंडी नगावर. दूध लिटरवर. आणि एका मुलाने घरून आणलं की आमच्याकडे बाजरी पायलीने मोजतात. मग दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आजोबांकडून पूर्ण हिशोब आला, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. एका घरातून पितळेचं मापटं पण आलं, आम्ही त्यात वाळू भरून भरून बघितली. देशात दशमान नाणी १९५७ ला आली आणि किलोग्रॅमची वजनं १९५८ पासून, तरी घराघरात पायली अजून आहे, आणि मुलांना ती माहिती आहे, फक्त शाळेत ती कुणी विचारत नाही.

ह्या यादीवर वादही चांगले झाले. मेथीची जुडी वजनावर का नाही? एक म्हणाला ओली असते, पाणी मारलं की जड होते. मी ह्याच्यात काही भर घातली नाही, सात वर्षांच्या मुलाने मापनातली अडचण स्वतः ओळखली होती, त्यावर मी कशाला बोलू.

मग तराजू. विकतचा आणला नाही. कपड्याचा हँगर, दोन करवंट्या, सुतळी, असे चार तराजू चार गटांनी केले. करवंट्या अर्थातच सारख्या नसतात, सुतळीच्या गाठी कमीजास्त होतात, त्यामुळे चारही तराजू रिकामे असतानाच एका बाजूला कललेले. "बाई, आमचा लंगडा हाय." हे मला हवंच होतं. विकतच्या तराजूत सगळं आधीच नीट असतं आणि मग काटा मधे का पाहिजे हा प्रश्नच मुलांना पडत नाही. दोन दिवस तसेच जाऊ दिले. मुलांनी सुतळी सोडून परत बांधली, करवंटी घासली. शेवटी ती भाजीवाली आजी नातीला सोडायला आलेली, तिला पोरांनी पकडलं. आजी म्हणाली, "पासंग लावा की, हलक्या अंगाला खडा बांधा." खडा बांधला, दांडी सरळ झाली.

इथे एक गोष्ट शिक्षकांसाठी सांगते कारण ती सहज निसटते. पासंग लावून रिकामा तराजू सरळ झाला म्हणजे तराजू खरा झाला असं नाही. एक करवंटी हँगरच्या मधापासून जास्त लांब टांगलेली असेल तर रिकाम्याला सरळ दिसेल पण माल घातला की खोटं तोलेल, लांबची बाजू थोड्या मालातच खाली जाते. ते पकडायचं सोपं आहे, माल आणि वजन अदलाबदल करून बघायचं. खरा तराजू अदलाबदलीनंतरही सरळ राहतो. हे मी मुलांना सांगितलं नाही, फक्त म्हटलं पारड्यातल्या वस्तू बदलून बघा. एका गटाचं गाजर डावीकडे पाव किलो आणि उजवीकडे पाव किलोपेक्षा कमी भरलं आणि वर्गात नुसता गोंधळ. "हा दांडी मारतोय!" असा आरोप झाला, कारण बाजारात दांडी मारतात हे सगळ्यांना माहिती. पण मारणारा कुणी नव्हता, हँगरच तसा होता. मग पट्टीने मोजून दोन्ही करवंट्या मधापासून सारख्या अंतरावर आणल्या. तरफेचं प्रकरण मुलं पुढे कधीतरी माध्यमिकला शिकतील, आत्ता त्यांना एवढं कळलं की अंतर बदललं की तोल बदलतो, आणि तेवढं पुष्कळ आहे.

वजनं आम्ही वाळूच्या पुड्यांची केली. गावातल्या किराणा दुकानदाराने त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ५०, १००, २०० आणि ५०० ग्रॅमच्या पुड्या भरून दिल्या, मुलं सोबत होती, काट्यावरचा आकडा वाचायला प्रत्येकाचा नंबर लावला होता.

आणि मग एक नियम, जो पुढे महिनाभर पाळला. काहीही तोलण्याआधी पाटीवर अंदाज लिहायचा. लिहायचाच, नुसता ओरडायचा नाही. कुरमुऱ्याची फुगलेली पिशवी आणि गुळाचा मुठीएवढा खडा समोर ठेवला, जड कोण? चौदापैकी अकरा जणांनी कुरमुरे लिहिलं. करवंटीत पिशवी मावत नव्हती म्हणून सुतळीने टांगली. गूळ खाली गेला. एक मुलगी म्हणाली, परत करा. परत केलं. परत गूळ खाली. ती काही बोलली नाही पण दुसऱ्या दिवशी घरून कापसाची पिशवी आणि एक नटबोल्ट घेऊन आली, इतरांना चकवायला. आधी अंदाज लिहिलेला नसता तर गूळ खाली गेल्यावर सगळ्यांनी "माहितीच होतं" म्हटलं असतं, आणि त्यांना खरंच तसं वाटलंही असतं. लिहिलेला अंदाज मुलाला स्वतःच्या मताशी बांधून ठेवतो. माझं तर स्पष्ट मत झालंय की वर्गात हाताने काही करण्यात जो वेळ जातो त्याच्याइतकाच वेळ आधीच्या अंदाजाला आणि नंतरच्या भांडणाला द्यायला पाहिजे, नाहीतर हात चालतात आणि डोकं बसून राहतं.

आता पैसे, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं.

पुठ्ठ्याच्या नोटा आणि नाणी केली, १, २, ५ ची नाणी, १०, २०, ५० च्या नोटा. १०० ची मुद्दाम ठेवली नाही. दुसरीच्या पातळीवर वजाबाकी ९९ पर्यंत यावी असं निपुण भारत ह्या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या लक्ष्यात आहे, तेवढ्यातच राहायचं ठरवलं. भाव मुलांनीच ठरवून पुठ्ठ्यावर लिहिले. मेथी १२, कोथिंबीर ८, बोरांचा वाटा १०, गाजर पाव किलो १५, पेरू एक ७. माल थोडा खरा, थोडा मातीचा. दुकानं चिठ्ठ्या टाकून वाटली. हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या घरी मळा आहे तो टोपली भरून आणेल आणि ज्याची आई दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जाते तो रिकाम्या हाताने येईल, आणि मग बाजारात मालक कोण आणि बघणारा कोण हे घरासारखंच ठरून जाईल. म्हणून आलेला माल सगळ्यांचा, एका ठिकाणी जमा, आणि दुकान चिठ्ठीत येईल ते.

पहिले काही दिवस मस्त गेले आणि काहीच शिकणं झालं नाही. म्हणजे मुलं पैसे बरोबर परत देत होती, बऱ्याच जणांनी भाजीवाल्या आजीच्या नातीकडून पुढे मोजत जायची रीत उचलली होती, "तेहतीस, चौतीस, पस्तीस, चाळीस, पन्नास." पण मी विचारलं, किती परत दिलेस, तर उत्तर, "पन्नास झाले की बाई." किती दिले ते माहितीच नाही! आणि विचार केला तर बरोबरच आहे, ह्या रीतीत परत दिलेली रक्कम कळायची गरजच पडत नाही. गिऱ्हाइकाच्या पन्नासापर्यंत पोचलं की काम झालं. रीत सुंदर आहे, चूक होऊ न देणारी आहे, बाजारातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशीच वापरतात, पण वजाबाकीचं उत्तर ह्या रीतीत तळहातावर येतं आणि तिथून निघून जातं.

म्हणून वही आणली. प्रत्येक दुकानाला एक वही, तीन रकाने, गिऱ्हाइकाने दिले, माल केवढ्याचा, परत दिले. तिसरा रकाना भरायला मुलांना परत दिलेले पैसे हातात धरून मोजावे लागले, तीन आणि पाच आठ, आणि दहा, अठरा. बाजार उठला की गल्ला मोजायचा, सकाळी किती होते, किती आले, किती गेले, आत्ता किती आहेत. जुळलं नाही की दुकानातले तिघं एकमेकांवर, पण ते वहीत शोधायला लागले ही खरी प्रगती. एका दुकानाला चार रुपये कमी आले आणि त्यांनी अर्धा तास वही चाळून सापडवलं की ३१ च्या जागी ३५ परत केले होते. कुणीही शोधा म्हटलं नव्हतं.

मोजताना आकड्यांच्या नावांवर पण अडत होतं, अडतीसच्या पुढे एकोणचाळीस म्हणायला मुलं थबकतात आणि तेवढ्यात नाणी हातातून निसटतात. अशावेळी मी "तीस नऊ" म्हणू दिलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ही पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. माझ्या वर्गात तरी दोन्ही सुखाने नांदतात, मूल काही दिवस तीस नऊ म्हणतं आणि मग आपोआप एकोणचाळीसवर येतं.

आता प्रकरणाचा गाभा. वह्या भरायला लागल्या तेव्हा एके दिवशी बाजार सुरू व्हायच्या आधी पाटीवर ५० वजा ३२ दिलं. बहुतेकांनी बावीस लिहिलं. काहीच बोलले नाही. मग त्यांच्याच वहीतली आदल्या दिवशीची ओळ फळ्यावर लिहिली, दिले ५०, माल ३२, परत १८. विचारलं, ह्यातलं खरं काय?

मला वाटलं होतं की मुलं पाटी पुसतील. तसं झालं नाही. एकजण उठून म्हणाला, "दोन्ही बरोबर हायेत. पाटीवरचं वेगळं असतं." आणि बऱ्याच जणांनी माना हलवल्या. हे वाक्य मला अजूनही सोडत नाही. दीड वर्षाच्या शाळेत मूल असं शिकलंय की पाटीवरचे आकडे आणि खिशातले आकडे हे दोन वेगळे प्रांत आहेत, एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही, पाटीवर बाईंना आवडेल ते लिहायचं. रेसिफेचे, कोलकात्याचे आकडे वाचताना जे कळत नाही ते ह्या एका वाक्यात आहे. मुलांना हिशोब येत नाही हा प्रश्नच नव्हता. दोन हिशोबांमध्ये भिंत होती आणि ती मुलांना नैसर्गिक वाटत होती.

भिंत पाडायला मी त्या दिवशी एवढंच केलं, पाटीवरचं उत्तर दुकानात चालवून बघायला सांगितलं. बत्तीसचा माल दे आणि बावीस परत दे. मुलीने दिले. आता गिऱ्हाईक, तुझ्याकडे किती किमतीचं आलं? बत्तीसचा माल आणि बावीस रुपये. मोजलं, चोपन्न. दिले होते पन्नास. "चार रुपये जास्ती गेले! दुकान बुडंल!" हे दुकान बुडंल वर्गाला एकदम पटलं. चूक म्हणजे बाईंची लाल फुली नाही, चूक म्हणजे चार रुपये गेले. पुढचे काही दिवस मुलं पाटीवरचं उत्तर स्वतःहून "दुकानात घालून" बघायला लागली, म्हणजे उत्तर आणि वजा केलेली संख्या मिळवून ताळा करायला लागली. ताळा पुस्तकात असतोच, पण कशाला करायचा हे पोरांना तिथे दिसत नाही.

पण ताळा चूक दाखवतो, उभ्या मांडणीत बरोबर कसं करायचं ते दाखवत नाही. पुढे मोजत जायची रीत आणि पुस्तकातली दशक सुटा करायची रीत ह्या मुळात वेगळ्या आहेत. एकीत आपण बत्तीसापासून वर चढतो, दुसरीत पन्नासातून काढून घेतो. एकीवरून दुसरी आपोआप येत नाही, कितीही बाजार भरवा. दुसऱ्या रीतीसाठी बाजारातच वेगळा प्रसंग पाहिजे होता.

म्हणून नियम बदलला. दोन दिवस दुकानांचे गल्ले काढून घेतले. दुकानदाराकडे सुट्टे नाहीत, गिऱ्हाइकाने नेमके पैसे द्यायचे, नाहीतर माल नाही. गिऱ्हाइकाच्या हातात फक्त दहाच्या पाच नोटा. आणि वर्गाच्या कोपऱ्यात बँक, जिथे दहाची एक नोट दिली की रुपयाची दहा नाणी मिळतात. बाकी काही मिळत नाही. आता बत्तीसचा माल घ्यायचा आहे. पाच नोटा आहेत, सुटा रुपया एकही नाही, दोन रुपये कुठून देणार? मुलं दुकानापासून बँकेकडे पळाली. एक नोट मोडली, आता चार नोटा आणि दहा नाणी. तीन नोटा आणि दोन नाणी दुकानात. हातात काय राहिलं? एक नोट, आठ नाणी.

हे म्हणजे पुस्तकातली मांडणी जशीच्या तशी आहे. पाच दशकातला एक सुटा केला, राहिले चार दशक, झाले दहा एकक, दहातून दोन गेले आठ, चारातून तीन गेला एक. मी फळ्यावर उभी मांडणी केली आणि प्रत्येक पायरीला विचारलं, आत्ता तू कुठे आहेस? "बँकेत." पाचावर काट मारून चार लिहिला, "नोट दिली." शून्याच्या डोक्यावर दहा लिहिले, "नाणी घेतली." पाटीवरची प्रत्येक खूण आता एका कृतीचं नाव झाली होती. आणि भाजीवाल्या आजीची नात, जी इतके दिवस पाटीवर गप्प असायची, तिने ७१ वजा ४५ ला आपणहून सांगितलं, "एक रुपया हाय पण पाच पायजेत, बँकेत जावं लागतंय." आणि ६८ वजा २५ ला, "हितं नको बँक." कधी दशक सुटा करायचा आणि कधी नाही, हे मी महिनाभर आधी शिकवून शिकवून थकले होते.

ह्या प्रकारच्या शिकवण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद झाली, त्यातून झाकिर हुसेन समिती आली आणि गांधीजींची नई तालीम उभी राहिली, हाताच्या कामातून सगळे विषय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, आणि आदिवासी मुलांसमोर महागडी परदेशी साधनं न ठेवता बिया, शंख-शिंपले, पानं असं आसपासचंच ठेवलं. माझ्या करवंट्यांच्या मागे ते सगळं आहे. पण ह्या परंपरेतली एक अवघड गोष्ट आपण विसरतो असं मला वाटतं. नई तालीममध्ये सूत कातणं हे काम होतं, पण सुताची लांबी, वजन, किंमत, कापूस कुठून येतो हे त्या कामाला शिक्षकाने जोडायचं होतं. जोडणं राहिलं की नुसती सूतकताई उरते. तसंच आमच्या बाजारात वही आणि बँक नसती तर नुसता बाजार उरला असता.

अडचणी पण सांगायलाच पाहिजेत. पहिलीची मुलं त्याच वर्गात, त्यांना गिऱ्हाईक केलं, दहाच्या आतली खरेदी, ते जमून गेलं, पण रोजच नाही, काही दिवस त्यांचं वाचन मागे पडलं आणि ते फेब्रुवारीत भरून काढावं लागलं. पालकांपैकी दोघांनी येऊन विचारलं की शाळेत खेळच चाललाय का. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, मुलाची दुकानाची वही हातात दिली. एका वडिलांनी ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवून मुलाला म्हणाले, इथं चुकलंय बघ. चुकलं होतंच. दुसऱ्या पालकांचं समाधान झालं नाही, त्यांना रोजचा शुद्धलेखनाचा गृहपाठ हवा होता, तो मी चालू ठेवलाच होता.

वेळेचं गणितही खरं आहे. हे सगळं पुस्तकातून आठवड्याभरात "होतं". पण ते आठवड्याभरात झालेलंच डिसेंबरच्या शेवटी बावीस म्हणून समोर आलं होतं. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वयासाठी खेळ आणि कृतीतून शिकण्याचं सांगतो, आता कागदावर परवानगीचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो धीराचा. बाजार सुरू होऊन आठ-दहा दिवस वर्गात नुसता आवाज असतो आणि दाखवायला काही नसतं, त्या दिवसांत वरून कुणी भेटीला आलं तर काय सांगायचं हे शिक्षकाला आधी स्वतःला माहिती असावं लागतं. मी प्रत्येक आठवड्याचा एक प्रश्न वहीत लिहून ठेवला होता, ह्या आठवड्यात फक्त हे बघायचं. पहिल्यात, कशावर मोजतात. दुसऱ्यात, तराजू खरा कधी. तिसऱ्यात, किती परत दिले. चौथ्यात, सुट्टे नसतील तर काय.

महिन्याच्या शेवटी पालकांचा बाजार झाला. पाठीमागे आया उभ्या होत्या पण एक अट घातली होती, दुकानाच्या आत यायचं नाही आणि आकडा सांगायचा नाही. खरे पैसे, खरी भाजी, गर्दी, घाई. चुका झाल्या, वहीत सापडल्या.

सगळ्यांना सगळं आलं असं नाही. फेब्रुवारीत साध्या पाटीवर, बाजाराचं नावही न काढता, दशक सुटा करायच्या वजाबाक्या दिल्या तेव्हा चौदातल्या दहा मुलांना आल्या. उरलेल्या चारपैकी दोघांना बाजारात जमतं, पाटीवर अजून नाही, त्यांच्यासाठी कोपऱ्यातली बँक मी तशीच ठेवली आहे, पाटी घेऊन तिथे बसतात, आधी नोट मोडतात आणि मग लिहितात. एकाला मुळात दहा एकक म्हणजे एक दशक हेच पक्कं नाही, त्याला काड्यांच्या गठ्ठ्यांवर परत नेलंय, बाजार त्याच्यासाठी लवकर झाला. आणि एक मुलगी मधले पंधरा दिवस आईवडिलांसोबत कामाला दुसऱ्या गावी होती, ती परत आली तेव्हा बँकेचे दिवस संपले होते. तिला शिकवायचं काम मी नाही, भाजीवाल्या आजीच्या नातीने घेतलंय. मधल्या सुट्टीत दोघी पुठ्ठ्याच्या नोटा घेऊन बसतात, आणि नात तिला आधी अंदाज लिहायला लावते, मग पैसे हातात देते.